भिंतीवरील जाहिरात बोलते, वैद्य गप्प का?



परतवाड्याहून अमरावतीकडे, अंजनगावकडे अथवा घाट चढून धारणीकडे, कोणत्याही रस्त्याने निघावे. पुलाच्या कठड्यावर, पडक्या भिंतीवर, विजेच्या खांबावर एक मजकूर आपली सोबत सोडत नाही. 'धातू जाणे', 'स्वप्नदोष', 'लहानपणीच्या चुका', 'कमजोरी' आणि खाली एक भ्रमणध्वनी क्रमांक. हा मजकूर लावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आयुर्वेदाशी नावापुरताही संबंध नसतो. शब्द मात्र ते आपले वापरतात. एस.टी.ची वाट पाहत उभा असलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा तो मजकूर वाचतो, आणि स्वतःच्या शरीराविषयीचा त्याचा पहिला पाठ तेथे होतो. घरात कोणी बोललेले नसते, शाळेत प्रजननसंस्थेचे प्रकरण 'घरी वाचून या' असे सांगून उलटलेले असते. अलीकडे भिंतीच्या जोडीला हातातील मोबाईलही आला आहे.

किशोरवयीन मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे आरोग्यशिक्षण हा शाळेचा वा शासनाचा विषय आहे, असे आपल्यापैकी अनेकांचे मत आहे. आमचे मत वेगळे आहे. तालुक्याच्या आणि खेड्याच्या पातळीवर हा विषय प्रथम वैद्याचा आहे. कारण या वयातील भीतीची भाषा आपल्या शास्त्रातून उचलली गेली आहे, आणि तिचा खरा अर्थ सांगण्याचा अधिकार व जबाबदारी आपलीच आहे.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर दवाखान्यात येणारा मुलगा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. बरोबर एखादा मित्र, तो बाहेरच थांबतो. "डॉक्टरसाहेब, कमजोरी वाटून रायली." नाडी उत्तम, जिव्हा स्वच्छ, वजन वयाला शोभणारे. दोन-चार प्रश्न विचारल्यावर कळते की महिन्यातून दोन-तीन वेळा झोपेत वीर्यस्खलन होते, किंवा सकाळची लघवी गढूळ दिसते. आणि रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो, हे गणित कोणीतरी त्याच्या मनात भरवून दिलेले असते. त्या दिवसापासून त्याचे अभ्यासात लक्ष नसते, झोप उडते, भूक मंदावते. मग ही लक्षणे त्याच्या भीतीला पुरावा म्हणून उभी राहतात. भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही त्याचा उल्लेख आला. आपला 'धातू' हा शब्द जगाच्या वैद्यकीय कोशात गेला तो असा, एका भयाचे नाव म्हणून. याचा अभिमान वाटावा असे काही नाही.

वस्तुतः संहिता काय सांगतात? सुश्रुताचार्यांनी बालकाच्या शरीरातील शुक्राला मिटलेल्या कळीतील गंधाची उपमा दिली आहे. तो असतोच, फूल उमलल्यावर प्रकट होतो एवढेच. चरकाचार्यांनी अधारणीय वेगांच्या यादीत मूत्र-पुरीषादींच्या बरोबरीने रेतोवेगाचीही गणना केली. ज्या गोष्टीचा वेग नैसर्गिक मानला, ती गोष्ट झोपेत आपोआप घडली तर तिला रोग कसे म्हणावे? चाळीस थेंबांचे गणित बृहत्त्रयीत कोठेही नाही. गढूळ लघवीचे कारण बहुतेक वेळा मूत्रातील फॉस्फेटचे क्षार हे असते आणि साध्या तपासणीने ते दाखवून देता येते. अतिबाल वयातील मैथुनाने अल्पजल तळ्याप्रमाणे शरीर शुष्क होते, असे चरकाचार्यांनी म्हटले आहे हे खरे. आणि काही वैद्यमित्र हाच आधार पुढे करतात. परंतु तो उल्लेख असंपूर्णधातू बालकाच्या मैथुनाविषयी आहे. निद्रेतील स्वाभाविक स्खलनाला तो लावणे म्हणजे वचनाचा विपर्यास होय. त्रयोपस्तंभांत चरकाने 'ब्रह्मचर्य' म्हटले, तर वाग्भटाने 'अब्रह्मचर्य' असा पाठ स्वीकारून त्याचा युक्तिपूर्वक उपयोग सांगितला. दोन्ही आचार्यांचा रोख संयमावर आहे, भयावर नव्हे.

येथे थोडे कटू लिहिणे भाग आहे. अशा मुलाला पाच मिनिटे समजावून सांगण्याऐवजी 'ताकदीचे' चूर्ण, दोन महिन्यांचा पाक आणि सोनेरी वेष्टनातील गोळ्या देऊन पाठविणारे केवळ तंबूतले जडीबुटीवाले नाहीत. पदवी भिंतीवर टांगलेल्या काही दवाखान्यांतही हे घडते. औषध दिले की रोग होता हे सिद्ध झाले, असे रुग्ण समजतो, आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही समजूत पुढे विवाहापर्यंत, कधी कधी विवाहानंतरही, त्याचा पाठलाग करते. वाजीकरण हे अष्टांगांपैकी एक प्रतिष्ठित अंग आहे. ते निरोगी किशोराच्या खिशातील पैशांवर चालविण्यासाठी नाही. १९५४ च्या औषधी व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक सामर्थ्य वाढविण्याच्या दाव्याची जाहिरात निषिद्ध केली आहे, आणि मासिक पाळीच्या विकारांवरील औषधांची जाहिरातही त्याच कलमात येते, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असते?

मुलींची कथा निराळी आणि अधिक गंभीर आहे. मुलगा एकटा येतो. मुलगी आईबरोबर येते आणि बोलते ती आई. 'कावळा शिवला' किंवा 'बाहेरची झाली' याखेरीज पाळीला शब्दच ठाऊक नसल्याने ऋतुप्राप्तीच्या दिवशी आपल्याला जखम झाली असे समजून रडणाऱ्या मुली आजही आहेत. सुश्रुताचार्यांनी रजोदर्शनाचा काल बाराव्या वर्षापुढे आणि निवृत्ती पन्नाशीला सांगितली. आज अनेक मुलींना त्याआधीच पाळी येते. म्हणून मातेने कन्येशी नवव्या-दहाव्या वर्षीच बोलले पाहिजे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असणे बहुधा स्वाभाविक असते, हे वाक्य मातेला वेळेवर ऐकवले तर कितीतरी अनावश्यक औषधे वाचतील. पण सात दिवसांहून अधिक रक्तस्राव, शाळा बुडविणारी वेदना, किंवा पंधरावे वर्ष उलटूनही पाळी न येणे, यांकडे मात्र दुर्लक्ष नको. पांढरे जाण्याची तक्रारही अशीच. स्वच्छ, गंधहीन स्राव हा वयाचा धर्म आहे. खाज, दुर्गंधी वा रंग असेल तर तो रोग, आणि तपासणी करूनच त्याची चिकित्सा करावी.

वऱ्हाडात भाद्रपदातील महालक्ष्म्यांच्या आधीच्या आठवड्यात औषधांच्या दुकानांतून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांना मोठी मागणी असते. त्या गोळ्या संप्रेरकाच्या आहेत, चिठ्ठीविना घेण्याच्या नाहीत, हे विकत घेणाऱ्या आईला कोणी सांगत नाही. घरातील सोवळ्यासाठी चौदा वर्षांच्या मुलीच्या शरीराचे चक्र बिघडवावे काय, हा प्रश्न तिला वैद्याने विचारायचा नाही तर कोणी? रजस्वला परिचर्येच्या नावाने मुलीला दूर बसविण्याचे समर्थन होते, त्याविषयीही स्पष्ट बोलावे. त्या परिचर्येचा गाभा विश्रांती आणि लघु आहार हा आहे. तीन रात्री स्नान वर्ज्य सांगितले आहे, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु आजच्या मुलीला आम्ही रोज कोमट पाण्याने स्नान करण्यास आणि चार-सहा तासांनी कापड वा पॅड बदलण्यास सांगतो. कापड वापरत असल्यास ते उन्हात वाळवावे. काळ, देश आणि सात्म्य पाहून उपदेश करावा, ही शिकवणही शास्त्राचीच आहे.

आता पांडुरोगाकडे वळू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलग्यांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी लोहगोळी 'मळमळते' म्हणून शाळेच्या मागे फेकली जाते. ती जेवणानंतर घ्यावी, शौचाचा रंग काळा झाल्यास घाबरू नये, एवढे दोन शब्द आईला सांगितले तर ती गोळी मुलीच्या पोटात जाईल. शासकीय गोळी आणि आपला पुनर्नवा मंडूर यांत वैर मानण्याचे कारण नाही. मात्र आपल्या भागात एक गोष्ट प्रत्येक वैद्याने मनाशी बांधून ठेवावी. विदर्भातील आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. मेळघाटातून उतरून आलेली पिवळसर डोळ्यांची, सांधे व हाडे दुखतात म्हणणारी मुलगी पाहून 'पांडू' आणि 'आमवात' अशी दोन निदाने करून लोहकल्प सुरू करण्यापूर्वी तिची सिकलसेल तपासणी झालीच पाहिजे. सिकलसेलच्या रुग्णात रक्तपेशी लवकर फुटतात, वारंवार रक्त चढविलेल्यांत लोह आधीच साचलेले असते. तेथे लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोह देणे हितावह नाही.

हा विषय केवळ चिकित्सेचा नाही, शिक्षणाचाही आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य रोगी होण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्न ठरण्यापूर्वी समजले पाहिजे, म्हणजेच किशोरवयात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले. तपासणीनंतर हातात कार्ड येते. कार्डाचा अर्थ मात्र अनेकांना कळत नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि वाहक मुलीत कोणतेही वैगुण्य नाही, हे घरच्या माणसांना समजावणारा विश्वासाचा माणूस लागतो. असे न समजावल्यास तेच कार्ड मुलीच्या माथी डाग होऊन बसते.

आता पालकांच्या विरोधाविषयी. केंद्राने २००५ मध्ये आणलेला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतून थांबविला. पुस्तकातील चित्रे संस्कृतीला धरून नाहीत, असा आक्षेप होता. त्या वेळी पदवी घेऊन आम्हांस फार वर्षे झाली नव्हती, आणि पालकांचा संताप आम्ही जवळून पाहिला. तो सगळा ढोंगी नव्हता. आपल्याला न विचारता, आपल्याला न सांगता, परक्या माणसाने आपल्या मुलीशी हे बोलावे, याचा तो राग होता. तो कार्यक्रम फसण्याचे मोठे कारण आमच्या मते हेच की पालक त्यात कोठेच नव्हते. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने दहा ते एकोणीस वर्षांचा वयोगट धरला, आणि २०२० मध्ये शाळांतून एक शिक्षक व एक शिक्षिका यांना आरोग्यदूत नेमण्याची योजना आली. चांगले आहे. पण बाप अजूनही शाळेच्या फाटकाबाहेरच आहे. "त्याले काय सांगाचं, लगन झालं म्हनजे आपोआप समजते," हे एका सुशिक्षित, संत्रा बागायतदार गृहस्थांचे उत्तर. त्यांच्या मुलाला मात्र ते लग्नाआधी मोबाईलवर 'समजून' चुकले होते, आणि काय समजले असेल याची कल्पना न केलेली बरी.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. शंका विचारणाऱ्यांना वैद्य-डॉक्टरांऐवजी गणिताच्या प्राध्यापकाला पत्र लिहावे लागले, ही गोष्ट आपल्या व्यवसायाने विचार करण्याजोगी आहे. अलीकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' या नावाने तरुणांसाठी शिबिरे घेतली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन खेड्यांतील ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. ते मौन तिशीत सुरू होत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी 'कोणाला सांगू नको' येथून त्याचा आरंभ होतो.

बालविवाहाच्या प्रश्नावर सुश्रुताचा आधार मोठा कामाचा आहे. सोळाच्या आतील स्त्री व पंचविशीच्या आतील पुरुष यांच्यापासूनचा गर्भ कुक्षीतच नष्ट होतो किंवा दुर्बल, अल्पायुषी निपजतो, असे त्यांनी सांगितले. आणि वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या काळाला 'वृद्धी' म्हटले, यौवन त्यानंतर. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीचे शरीर त्यांच्या मते अजून वाढतच आहे. 'सोळा चालते असे शास्त्र म्हणते' असा उलटा अर्थ काढणाऱ्यास हे दुसरे वचन ऐकवावे, आणि कायदा मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस म्हणतो हेही. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे विवाह अठराच्या आत झाले, असे वर उल्लेखिलेली पाहणीच सांगते.

येथे वैद्यांसाठी एक सावधगिरी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलामुलीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; न कळविणे हा गुन्हा आहे. दिवस गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन नातेवाईक गुपचूप 'पाळी आणण्याचे' औषध मागतात, तेव्हा भीड बाजूस ठेवावी. औषध देऊ नये, मुलीला धमकावू नये, तिला शासकीय रुग्णालयात सुरक्षित पोहोचवावे आणि कायद्याप्रमाणे कळवावे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक दवाखान्यात लावलेला असावा. परीक्षेच्या दिवसांत उदास, अबोल झालेल्या मुलांसाठी २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानसचा १४४१६ हाही.

खर्ऱ्याविषयी फार लिहीत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पानठेल्यावर काय मिळते ते सर्वांना दिसते. बापाने मुलाला खर्रा आणायला पाठवू नये, इतके जरी पालकसभेत कबूल करून घेतले तरी पुष्कळ झाले.

प्रत्यक्षात काय करावे? आमच्या अनुभवाने क्रम महत्त्वाचा आहे. पहिली बैठक पालकांची, मुलांना जे सांगणार आहोत ते सर्व त्यांना आधी ऐकवून. दुसरी मुलांची व मुलींची, वेगवेगळी. मुलींशी वैद्यभगिनीने बोलावे. व्याख्यान अर्ध्या तासाच्या वर नको. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. वऱ्हाडच्या मातीतील ती रीत या कामाला चपखल बसते. मुलांनी प्रश्न निनावी चिठ्ठीवर लिहावेत, डब्यात टाकावेत, आणि एकही चिठ्ठी हसून बाजूला ठेवू नये. चित्रे दाखवायची ती शरीररचनेची, सरळ. संस्कृत शब्द कमी वापरावेत. मेळघाटातील शाळांत कोरकू जाणणारी आशाताई शेजारी असल्याखेरीज बोलूच नये. सभागृहाच्या दाराशी औषधांचे टेबल लावू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते.

या संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने निदान चार शाळा निवडाव्यात, आणि जे सभासद भिंतीवरील भाषेत जाहिरात करतात त्यांना शाखेच्या बैठकीत नाव घेऊन जाब विचारावा, अशी आमची सूचना आहे. दुसरी सूचना पहिलीपेक्षा अवघड आहे, पण दोन्ही एकत्रच पार पडतील. दिवाळीनंतर मेळघाटातील कुटुंबे कामासाठी बाहेर पडू लागतात आणि होळीला परततात. जानेवारीपासून दहावी-बारावीच्या मुलांना वेळ नसतो. म्हणून पालकांच्या बैठका ऑगस्ट-सप्टेंबरात, पोळ्याच्या मागेपुढे, शेतीची कामे थोडी सैल असताना घ्याव्यात, आणि मुलांच्या दिवाळीच्या सुटीपूर्वी.